पंचवीस मैलांचं लायसन्स

४ सप्टेंबर, बुधवार

राज्याकडून कार्ड आलं. लायसन्स वाढदिवसाला संपतंय — १९ ऑक्टोबर. त्याआधी कोर्टहाउसात स्वतः हजर राहून नवं करून घ्यायचं. वय बघता टपालाने होणार नाही. वय बघता! ब्याऐंशीच तर होणार आहेत.

समोरच्या घरातल्या आर्डिसने गाडीत बसल्या बसल्या ते कार्ड उचललं आणि मोठ्याने वाचून काढलं. छत्तीस वर्षं पोस्टात काढलेली बाई. उघडं कार्ड वाचणं हा गुन्हा नाही, असं तिचं म्हणणं. मग म्हणाली, "फोटो मात्र नवा काढून घे. आत्ताच्यात तू पोलिसांना हवा असल्यासारखा दिसतोस."

माझं लायसन्स हिने कधी बघितलं? विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं तिने.

६ सप्टेंबर, शुक्रवार

रॉकव्हेलला जाऊन आलो. आठवड्यातून तीनदा — सोमवार, बुधवार, शुक्रवार. एक्केचाळीस मैल जायचे, एक्केचाळीस यायचे. आर्डिस डायलिसिसच्या खुर्चीत चार तास बसते, मी लायब्ररीत पेपर वाचतो, मग कोपऱ्यावरच्या हॉटेलात ॲपल पाय खातो, मग गाडीत डुलकी. परत येताना ती दमलेली असते. मागच्या सीटवरचं पांघरूण घेते आणि डोळे मिटून माझ्या चुका काढते. "वेग वाढला." डोळे मिटून कळतं तिला!

दोन वर्षं झाली याला. तिच्या किडन्या गेल्या तेव्हा मी म्हटलं होतं, दुसरी सोय होईपर्यंत मी नेतो. दुसरी सोय शोधली कुणीच नाही. तिने नाही, मी नाही. तिचा नवरा मायलो गेला त्याला चार वर्षं झाली. गाडी तोच चालवायचा, तिला कधी लागलीच नाही — पोस्ट घराशेजारी. एकतीस वर्षं मी हायस्कुलात पोरांना गाडी शिकवली. गावातल्या अर्ध्या लोकांना रस्त्यावर मी आणलं. समोरच राहणारी ही एक तेवढी सुटली.

माझ्या बायकोला, मार्जीनला, आर्डिस फारशी आवडायची नाही. म्हणायची, ती पाकिटं उजेडाला धरते. मार्जीनला जाऊन नऊ वर्षं झाली, आता लिहायला हरकत नाही — धरते, यात शंका नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

विशेष काही नाही. सोयाबीन पिवळं पडायला लागलंय. पायमध्ये साखर जास्त होती.

१२ सप्टेंबर, गुरुवार

कोर्टहाउस. वाटलं होतं वीस मिनिटांत बाहेर. काउंटरवरची मुलगी गोड होती, पण माझ्याशी पलीकडच्या शेतातून हाक मारल्यासारखी बोलत होती. मी बहिरा नाही, हे मी तिला सांगितलं. "हो का!" ती ओरडली.

मग ते डोळे तपासायचं यंत्र. कपाळ टेकवा, ओळ वाचा. उजव्या डोळ्याने वाचली. डाव्या डोळ्याने बघितलं तर अक्षरंच नाहीत, डिसेंबरातलं धुकं. मी म्हटलं, काच पुसा. तिने पुसली. मी म्हटलं, दिवा गेलाय. तिने स्वतः वाकून बघितलं. दिवा होता.

तिने एक फॉर्म दिला — डोळ्यांच्या डॉक्टरची सही आणायची. वर म्हणाली, सही आली की रस्त्यावर गाडी चालवून दाखवावी लागेल.

मी. चालवून. दाखवायची!

घरी येताना गावाच्या पाटीपाशी अगदी पूर्ण थांबलो, कुणी नसताना. ती अजून बघत असल्यासारखा.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आर्डिसने विचारलं, झालं का काम? मी म्हटलं, फार रांग होती, पुन्हा जाईन. ती म्हणाली, गुरुवारी? कोर्टहाउसात? रांग?

पोस्टातल्या बाईशी खोटं बोलू नये. तिला कोणत्या दिवशी कुठे किती रांग असते ते पाठ असतं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मोतीबिंदू. दोन्हीकडे, पण डावा "चांगला पिकलाय". डॉक्टर भोपळ्याविषयी बोलावं तसं बोलले. पुढच्या मंगळवारी डाव्याची शस्त्रक्रिया, उजवा जानेवारीत. त्या दिवशी गाडी दुसऱ्या कुणी चालवायची.

म्हणजे जोलीनला सांगणं आलं. मिनियापोलिसला फोन लावला. लेकीला सगळं सांगितलं — डोळा, फॉर्म, परीक्षा. ती गप्प झाली. ती गप्प झाली की मला मार्जीन आठवते. मग म्हणाली, "बाबा, मी येते. पण आपण जरा बोलू या."

"जरा बोलू या" म्हणजे काय ते मला माहीत आहे. मी एकतीस वर्षं पोरांच्या आईबापांना फोन करून हेच म्हणायचो.

२४ सप्टेंबर, मंगळवार

डोळा झाला. वीस मिनिटं. दुखलं नाही. डोळ्यावर प्लास्टिकची वाटी. जोलीनने येताना माहितीपत्रकं आणली आहेत, गुळगुळीत कागदाची. फोटोत माझ्या वयाची माणसं एकमेकांकडे बघून विनाकारण हसताहेत. तिच्या घराजवळची इमारत. लिफ्ट आहे. दुकानात न्यायला त्यांची गाडी आहे. मी म्हटलं, डोळ्यावर वाटी आहे, आत्ता वाचता येत नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

आर्डिसला आज जोलीनने नेलं. मीही गेलो — मागच्या सीटवर! माझ्याच गाडीत. एक्केचाळीस मैल उजव्या पायाने ब्रेक दाबत गेलो. नोकरीतली सवय. तेव्हा शिकाऊ गाडीत माझ्या बाजूला दुसरा ब्रेक असायचा, मागच्या सीटला कुठला असणार! जोलीन आरशातून म्हणाली, "बाबा, माझी सीट ढकलू नका."

वाटी उतरवली आहे. काय दिसतंय! पाण्याच्या टाकीवरचं गावाचं नाव निळं आहे. स्वयंपाकघराची भिंत मी इतकी वर्षं बदामी समजत होतो — ती पांढरी आहे, नुसती मळलीय. आरशात स्वतःला बघितलं. त्याविषयी लिहीत नाही.

आणि आर्डिसचे डोळे करडे आहेत, कडेला हिरवे. एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. चूक माझी नाही. मी नेहमी रस्त्याकडे बघतो.

जोलीनला वाटलं मी मागे झोपलो आहे. हळूच म्हणाली, तुम्ही तरी त्यांना समजवा, तुमचं ऐकतात. आर्डिस म्हणाली, ऐकतो कसला, नुसता मान हलवतो. मग म्हणाली, तुझ्या बापाने गाडी सोडली तर माझी पंचाईत होईल, म्हणून माझं मत तू धरू नकोस.

मी झोपलेलाच राहिलो.

३ ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टरांची सही मिळाली. आता फक्त रस्त्यावरची परीक्षा, पुढच्या गुरुवारी दहा वाजता. आर्डिसला सगळं सांगून टाकलं. म्हणाली, "मला तेरा तारखेपासून माहीत आहे. काय ते माहीत नव्हतं, पण काहीतरी आहे हे माहीत होतं."

आज दुपारी तिने माझा सराव घेतला. जिने आयुष्यात स्टिअरिंग धरलं नाही ती! राज्याची नियमांची पुस्तिका मांडीवर, हातात पेन्सिल. चर्चच्या कोपऱ्यावर म्हणाली, "थांबला नाहीस."

मी म्हटलं, थांबलो.

"हळू झालास. हळू होणं वेगळं, थांबणं वेगळं. पान बावीस."

पान बावीस मी एकतीस वर्षं शिकवलं आहे. वळून मागे गेलो, पुन्हा आलो, थांबलो. एक, दोन, तीन. तिने पुस्तिकेवर खूण केली. मला बरं वाटलं. ते तिला दाखवलं नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

हॉटेलात कॉफी प्यायला गेलो तर सगळ्यांना माझ्या परीक्षेची बातमी. त्यातून कळलं की परीक्षा घेणारी रोंडा कोव्हारिक आहे.

रोंडा कोव्हारिक! १९८७ सालचा वर्ग. तिला मी तीनदा नापास केलं होतं. पहिल्यांदा ती बँकेच्या हिरवळीवरून गेली. दुसऱ्यांदा उलट्या बाजूने एकेरी रस्त्यात शिरली — गावात एकेरी रस्ता एकच आहे, तोही तिने शोधून काढला. तिसऱ्यांदा रेल्वे फाटकाशी दोन्हीकडे न बघता पुढे. चौथ्यांदा पास झाली. उन्हाळ्यात.

सगळे हसत होते. कुणीतरी म्हणालं, ती सदतीस वर्षं पेन्सिलीला टोक काढत बसली असेल. मी कॉफी अर्धी टाकून आलो.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्यापर्यंत मीच माझ्या बाजूने फिरवून घेईन.

पावणेदहाला पोचलो. गाडी धुतलेली. टाय लावलेला. आर्डिस म्हणाली होती टाय नको, अंत्यविधीला निघाल्यासारखा दिसशील. लावला.

रोंडा बाहेर आली. पन्नाशी उलटलेली, केस पांढरे व्हायला लागलेत, पण चालणं तेच. "गुड मॉर्निंग, सर." शेजारी बसली, पट्टा लावला, पेन्सिल काढली. टोक होतं.

पहिल्याच वळणाला इंडिकेटर द्यायला गेलो आणि वायपर सुरू केले. लख्ख ऊन. वायपर कोरड्या काचेवर करकरताहेत आणि मला ते बंद करता येईनात — अकरा वर्षं चालवतोय ही गाडी. रोंडा काचेकडे बघत म्हणाली, "काच स्वच्छ आहे, सर." त्यानंतर मला जरा बरं वाटलं.

चौकात थांबलो. एक, दोन, तीन मोजलं. लक्षात आलं, मोठ्याने मोजतोय. आणि शेजारून रोंडाही मोजत होती, ओठांतल्या ओठांत. शाळेपाशी एक कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला. वेळेवर, नीट, झटका न देता. त्याच क्षणी रोंडाचा उजवा पाय तिच्या पुढ्यातल्या रिकाम्या जागेवर दाबला गेला. मी म्हटलं, तिथे ब्रेक नाही. म्हणाली, एकोणीस वर्षं रोज शोधतेय.

दोन शंकूंच्या मध्ये गाडी लावून दाखवायची होती. एका दमात लावली. कडेपासून एक वीतभर. ब्याऐंशीतला कुठला माणूस लावतो? कॉफीवाल्या मंडळींपैकी एकालाही जमणार नाही.

मग ती म्हणाली, आता हायवेला घ्या.

चढावरून वर आलो, डावीकडे बघितलं — म्हणजे बघितलं असं मला वाटलं. मान वळवली, पण पुरती वळवली नाही. वळत नाही आता तेवढी. आरशात काही नव्हतं. शिरलो. आणि कानात भोंगा! धान्याचा ट्रक, माझ्या दाराला लागून, इतका जवळ की चाकावरचे नट मोजता आले असते. त्याने गाडी पलीकडच्या पट्ट्यात ओढून घेतली म्हणून. तो निघून गेला. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलो होतो, पन्नासच्या वेगात, सरळ.

रोंडाने काही लिहिलं नाही. पुढच्या फाट्याने बाहेर या, एवढंच म्हणाली.

कोर्टहाउससमोर गाडी लावली. ती उतरली नाही. म्हणाली, "सर, गावात तुम्ही माझ्यापेक्षा चांगली चालवता. तो ट्रक तुम्हाला दिसला नव्हता."

मी म्हटलं, नाही.

तिने समजावून सांगितलं. लायसन्स मिळेल, दोन वर्षांचं, पण बंधनाचं. फक्त दिवसा, उजेडी. हायवे नाही. आणि राहत्या घरापासून पंचवीस मैलांच्या आत.

मी म्हटलं, रॉकव्हेल एक्केचाळीस मैलांवर आहे. मग तिला आर्डिसविषयी सांगितलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. हायवे सोडून जुन्या रस्त्याने जाईन, म्हटलं. चाळीसच्या वर जाणार नाही. विनवणीच केली, सरळ लिहितो. माझ्याच विद्यार्थिनीला.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिसऱ्यांदा नापास केलंत तेव्हा मी इथेच रडले होते, याच पार्किंगमध्ये. तुम्ही काय म्हणालात आठवतं? म्हणालात, रोंडा, तुला आज पास केलं तर मला रात्री झोप लागणार नाही."

मला आठवत नव्हतं. पण मी म्हणालो असणार.

"मलाही झोप लागली पाहिजे, सर," ती म्हणाली.

आत जाऊन फोटो काढला. काउंटरवरची मुलगी ओरडली, हसा! हसलो. फोटो भयंकर आला आहे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

काल संध्याकाळी आर्डिसकडे जाऊन सांगायला हवं होतं. गेलो नाही. सकाळी ती नेहमीसारखी पिशवी घेऊन गॅरेजपाशी येऊन उभी राहिली. गॅरेजचं दार मी उघडलं नव्हतं.

तिथेच उभ्याने सगळं सांगितलं. पंचवीस मैल. ट्रक. तिने फक्त एवढंच विचारलं, खरंच दिसला नव्हता? मी म्हटलं, खरंच. ती म्हणाली, "मग मीही त्याच गाडीत असते की."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. रात्रभर मी माझाच विचार करत होतो.

चर्चच्या पाद्रीबाईंना फोन केला. त्या प्रवचन लिहायचं सोडून तिला घेऊन गेल्या. सोमवारपासून काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, रुग्णांना नेणारी व्हॅन.

१४ ऑक्टोबर, सोमवार

व्हॅन पावणेसातला आली. खुर्ची दहाची! चार गावांतून पाच माणसं गोळा करत जाते. आर्डिसला संध्याकाळी साडेपाचला दारात सोडलं. चार तास डायलिसिस, सात तास व्हॅन. पायऱ्या चढायला ड्रायव्हरने हात दिला तर तिने त्याला झिडकारलं, मग पुन्हा त्याचाच हात धरला. मी खिडकीतून बघत होतो.

नंतर फोन केला. म्हणाली, शेजारच्या सीटवर एक गृहस्थ असतात, त्यांना त्यांच्या पित्ताशयाविषयी बोलायला आवडतं. काढून टाकलंय ते १९९४ साली. अजून बोलतात.

१६ ऑक्टोबर, बुधवार

काउंटीचा नकाशा टेबलावर पसरला, दोरा घेतला, माझ्या घरावर टाचणी. रस्त्याने एक्केचाळीस, पण सरळ रेषेत तेहतीसच भरतात. तेहतीस मात्र कुठूनही ओढलं तरी पंचवीस होत नाहीत. तरी रोंडाला फोन केला — पंचवीस मैल हवेतून मोजायचे की रस्त्यावरून? ती म्हणाली, "सर, तुम्ही उडत जाणार असाल तर लायसन्स माझ्याकडे मिळत नाही."

शिकवलेली पोरं उलट बोलायला लागली की समजावं, शिकवणं नीट झालं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

व्हॅन आर्डिसच्या दारात थांबली. हॉर्न दिला. पुन्हा दिला. आणि रिकामी निघून गेली.

रस्ता ओलांडून गेलो. ती आत गाऊन घालून बसली होती. म्हणाली, आज नाही. एक दिवस नाही गेलं म्हणून काही होत नाही. पण चेहरा सुजलेला. मी म्हटलं, असं एकेका दिवसानेच माणूस जातं. ती म्हणाली, आठवड्याचे तीन दिवस त्या व्हॅनमध्ये, उरलेले तीन त्या व्हॅनच्या दमणुकीतून सावरण्यात, रविवारी चर्च. मग मी जगते कधी?

मला राग आला. गाडीची किल्ली खिशात होतीच. म्हटलं, चल, ऊठ, मी नेतो. काय करतील, पकडतील? पकडू देत.

"लायसन्स दाखव," ती म्हणाली.

दाखवलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं, मागचं-पुढचं, बारीक अक्षरातलंही. मग फोटो बराच वेळ बघितला. परत दिलं आणि म्हणाली, नाही. मला न्यायला म्हणून तू कुणाला तरी मारशील, आणि मग मला ते सगळं घेऊन त्या खुर्चीत बसावं लागेल. चार तास. विचार करायला दुसरं काही नसतं तिथे.

तिथल्या नर्सला फोन केला. उद्या सकाळी आणा, जागा करते, म्हणाली. पाद्रीबाई नेणार आहेत.

१९ ऑक्टोबर, शनिवार

ब्याऐंशी झाले. केक नाही. पाद्रीबाईंच्या गाडीत मागे बसून रॉकव्हेलला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. आर्डिसच्या खुर्चीशेजारी स्टूलवर चार तास बसलो. इतक्या दिवसांत कधी आत बसलो नव्हतो, नेहमी लायब्ररी नाहीतर ॲपल पाय. ती यंत्राकडे बघत नाही. खिडकीतून पार्किंगमध्ये कोण गाडी कशी लावतं ते बघते आणि गुण देते. दहापैकी. तिने सांगितलं, तुला नेहमी सात देते, तू फार सरळ करत बसतोस.

सात!

येताना वाटेत तिने पाद्रीबाईंना थांबायला लावून माझ्यासाठी पाय घेतला. तिला चालत नाही, मी खाल्ला. सगळा.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

जोलीनचा फोन. माझ्यासाठी त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतील. ती आग्रह करत नव्हती, हेच वाईट. नुसती सांगत होती. गाडी लागणार नाही, बाबा. मी पंधरा मिनिटांवर आहे.

मी नेहमी नाही म्हणतो. आज म्हणालो, विचार करतो.

इथे आता मी काय करतो? पंचवीस मैलांत फिरतो. उजेडी.

२३ ऑक्टोबर, बुधवार

आर्डिसला त्या जागेविषयी सांगितलं. व्हॅनमधून उतरून नुकतीच टेकली होती. म्हणाली, लिफ्ट असेल ना? हो म्हटलं. म्हणाली, लिफ्ट बरी असते. मग म्हणाली तिला झोपायचंय.

२७ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये आर्डिस माझ्या बाकावर बसली नाही. गाणाऱ्यांच्या मंडळीत मागे जाऊन बसली, तिथल्या बायका चकित. ती बेसूर आहे, तिलाही माहीत आहे.

दुपारी माहितीपत्रकं काढून पुन्हा वाचली. डोळ्याने आता सगळं दिसतं. ती माणसं खरंच फार हसतात.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

आर्डिस सकाळीच आली. दार वाजवलं नाही, आलीच. रॉकव्हेलच्या पेपरातलं एक कात्रण टेबलावर ठेवलं. भाड्याचं घर — पायऱ्या नाहीत, गॅरेज आहे, डायलिसिसच्या दारापासून सहा गल्ल्या.

"तुझ्या लायसन्सवर पंचवीस मैल कुठून मोजायला सांगितलेत?"

"राहत्या घरापासून," मी म्हटलं.

"मग घर तिकडे नेऊ."

मी विचारलं, नेऊ म्हणजे कोण कोण? ती कोट काढून बसली. म्हणाली, "दोन झोपायच्या खोल्या आहेत. दुसरीचं काय करायचं ते तुझं तू ठरव. मी दार लावून झोपते."

ठरवायला मला कॉफी ओतण्याएवढा वेळ लागला. जोलीनला फोन केला, ती जागा सोड म्हटलं. ती हसायला लागली, मग बहुतेक रडली.

पत्ता बदलला की लायसन्स पुन्हा करावं लागतं. रोंडाकडे गुरुवारी दहाची वेळ घेतली आहे. तिने विचारलं, नव्या पत्त्यावर कोण कोण, सर?